धानावर पाह्यलेलं पोट

तो दिवस मले अजूनबी आठोते. सिंदेवाहीकडच्या आमच्या जंगलातल्या गावात पोलीस आले होते. तक्रार माह्या पोटातल्या लेकराच्या जिवावरून होती.

मोठा पोरगा माहा वेगळा उपजला. मान धरे नाई, जीभ बाहेर, डोये तिरपे. दुसऱ्यांदा दिवस राह्यले तशी सासूनं पोट पाह्याचं ठरवलं. आमच्याकडे बियाचं धान पाण्यात टाकून पाह्यतेत. भरलेलं बुडते, पोचट तरंगते. तसंच माह्या मुठीनं धान टाकाले लावलं. सारंच तरंगलं.

"हेबी तसंच हाय. पाडून टाकू," सासू म्हणे, अन् जडी वाटाले बसली. त्याच जडीनं शेजारच्या गावची एक बाई मेली होती. पाट्याचा आवाज आयकत मी भितीले टेकून बसली.

शेजारणीनं कोतवालाले सांगतलं, कोतवालानं ठाण्यात. सकाळीच ठाणेदार अन् शिपाई दारात. मी अजूनच भेली. बोलली त सासू घराबाहेर काढन, नाई बोलली त जडी पाजन.

"जडी कोणासाठी वाटून राह्यल्या, म्हातारबाई?"

"पोटदुखीची हाय, साहेब."

"कोणाचं दुखते पोट?"

नवरा खाली पाहून उभा. ठाणेदार माह्याकडे वळले. "बाई, भिऊ नको. सांग."

माह्या तोंडून निंगलं, "धान तरंगलं, साहेब."

ठाणेदार शेतकऱ्याच्याच घरचे होते. त्यायनं ते धान मागितलं, दाणा दाताखाली चावला अन् थुंकला. "हे त कीड लागलेल्या बांधीतलं, सारं पोचट धान हाय. टाका तुमच्या हातानं." सासूनं टाकलं, तरंगलं. नवऱ्यानं टाकलं, तरंगलं. शिपायानं टाकलं, तेबी तरंगलं.

"म्हणजे आमच्या शिपायालेबी दिवस गेले म्हणा!"

हासलं कोणीच नाई. जडी जप्त झाली. सुनेले काई झालं त तुम्हालेच नेतो, असं लिहून सासूचा अंगठा घेतला.

जाताना त्यायनं मले विचारलं, "तुले काय पाहिजे?"

सासरी मले हे कोणीच विचारलं नोतं. "लेकरू पाहिजे," म्या म्हटलं.

"कसं निंगन, ते डॉक्टरबी सांगू शकत नाई."

"माहीत हाय, साहेब."

बाळंत होयेपर्यंत भेवातच काढलं. धान खोटं होतं, पण पोरगी भावासारखीच आली. दोघायले वाढवलं. पोरगी लहानपणीच तापात गेली. पोरगा लय वर्सं माह्यासंग धान निंदे.

तिसरा पोरगा चांगला निंगाला. आता त्याच्या पोरीले दिवस हायेत. मोठ्या दवाखान्यात तिच्या पोटातलं पाणी सुईनं काढलं. त्यात म्हणे लेकराची गुणसूत्रं मोजतेत, अन् उपजायच्या आधीच खरं समजते. त्याचा रिपोट यायचा हाय. काल नात रडत म्हणे, "आजी, तसंच निंगालं त काय करू?"

त्या ठाणेदाराकडून एवढंच शिकली होती, तेच तिले सांगतलं. "काय हाय ते डॉक्टर सांगन. काय पाहिजे ते तुले विचारतीन. नाई विचारलं, त तूच आधी बोलजो."