बोयीचं तोंड शिवणारी

खतीजाआपा बोयीचं तोंड शिवते.

बोय म्हणजे वीतभर मासा. मेलेल्या बोयीच्या पोटात गळ घालायचा, गळाची तार तोंडातून बाहेर काढायची आणि ओठ मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकायचे. अशी बोय लांब दोरीला बांधून चालत्या बोटीमागे ओढली की ती जिवंत असल्यासारखी पोहते. सुरमई तिच्यामागे येते. तोंड उघडं राहिलं तर पाणी आत शिरतं आणि बोय फाटून जाते. इथे दुबईत हौशी लोक सुट्टीच्या दिवशी बोट भाड्यानं घेऊन अशी सुरमई धरायला जातात. त्यांच्या बोटींना या शिवलेल्या बोयी लागतात.

हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडे गेले होते ब्लाउज आल्टर करून घ्यायला. करामातल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, उद मेथाच्या शाळांचे गणवेश, गॅदरिंगचे झगमगीत घागरे. स्वयंपाकघरातून माशांचा वास येत होता. मी आत डोकावले तर ओट्यावर बोयी ओळीनं झोपलेल्या आणि प्रत्येकीचे ओठ शिवलेले. मी दारातच थांबले. खतीजाआपा म्हणाली, "घाबरलीस गो? त्यांना काय दुखत नाय आता."

तेव्हापासून आमची मैत्री. ती माझ्या आईच्या वयाची. माझं एम.ए. झालेलं, नोकरी नाही, दुपारी वेळच वेळ. मी तिच्याकडे जाऊन बसायचे. ती शिवता शिवता बोलायची.

ती रत्नागिरीकडची, साखरी नाटेची. घरात होड्या होत्या, पण बाईनं होडीत बसायचं नाही. बाप आणि भाऊ समुद्रावर गेले की ती पडवीत बसून फाटकी जाळी सांधायची. लग्न होऊन रफिकभाईंबरोबर दुबईला आली. पहिली काही वर्षं देऱ्यात एका खोलीत दोन कुटुंबं, मध्ये पडदा. तो पडदाही तिनंच शिवला होता. मग करामा, मशीन, आणि मुनिबा. इतकी वर्षं समुद्राच्या काठावर काढली, पण समुद्रात तिनं पाय भिजवला नव्हता.

बोयींचं काम विजयकुमारांमुळे आलं. ते मूळचे पालक्काडचे, वाढले डोंबिवलीत. बोटी भाड्यानं देणारी कंपनी चालवायचे आणि एक बोट स्वतः चालवायचे. त्यांची बायको खतीजाआपाकडून ब्लाउज शिवून घ्यायची. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, बाहेरून येणाऱ्या शिवलेल्या बोयी महाग पडतात आणि वेळेवर येत नाहीत. खतीजाआपानं एक मागवून घेतली, उसवून बघितली आणि म्हणाली, ही काय शिलाई झाली.

तिनं नमुने करून पाठवले. विजयकुमारांनी ते फ्रीजरमध्ये ठेवले आणि विसरून गेले.

मग रफिकभाईंची कंपनी बंद पडली. देऱ्याच्या धक्क्यावर माल चढवणारी लहानशी कंपनी होती. मालक निघून गेला, रफिकभाईंचा व्हिसा रद्द झाला. नवऱ्याचा व्हिसा गेला की बायकोमुलांचाही जातो. मुनिबा बारावीला. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, आणि देश सोडायची मुदत त्याच्या आधी संपत होती. घरात कुणा एकाला नोकरीचा व्हिसा मिळाला तर बाकीचे त्याच्या आधारानं टिकले असते. रफिकभाई रोज इंटरव्ह्यू देत होते. सगळीकडून एकच उत्तर यायचं. इन्शाल्ला, कळवू.

खतीजाआपानं विजयकुमारांना स्वतः फोन केला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, बोटीवर या. एका बाजूला आमचे प्लॅस्टिकचे मासे लावू, दुसऱ्या बाजूला तुमच्या बोयी. तुमच्या बोयीला चांगली सुरमई लागली तर कंपनी तुम्हाला कामावर घेईल. नाही लागली तर विषय संपला.

बोटीवर जायचं त्या सकाळी रफिकभाईंचा अबू धाबीत इंटरव्ह्यू होता. म्हणून मी तिच्याबरोबर गेले.

उम सुकीमच्या बंदरातून आम्ही उजाडता निघालो. बोटीवर आम्ही तिघंच. विजयकुमार वरच्या सुकाणूवर, आम्ही दोघी खाली मागे. जानेवारीतली थंडी होती. खतीजाआपा बर्फाच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. बंदराची भिंत मागे पडली आणि पहिली लाट खालून गेली, तेव्हा तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. मग डोळे उघडून मला म्हणाली, "पेटी उघड."

किनारा लांब गेल्यावर विजयकुमारांनी वेग कमी केला. चार रॉड बोटीच्या कडेला उभे खोचलेले. डाव्या दोघांना प्लॅस्टिकचे मासे, उजव्या दोघांना तिच्या बोयी. दोऱ्या सुटल्या. आम्ही मागे बघत राहिलो.

प्लॅस्टिकचे मासे छान पोहत होते. बोयी गरगर फिरत होत्या.

"भोवरा झालाय, आपा," विजयकुमार वरून म्हणाले. "असा मासा सुरमईनं जन्मात बघितला नसेल."

 खतीजाआपा त्या फिरणाऱ्या बोयींकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, संपलं. मग तिनं मला एक दोरी ओढून घ्यायला सांगितली. बोय हातात घेतली, वाकवून बघितली. ती वाकेना.

"मी पक्कं शिवलं," ती म्हणाली. "गणवेशासारखं."

फक्त तोंड शिवायचं होतं. तिनं पोटही डोक्यापासून शेपटीपर्यंत दुहेरी दोऱ्यानं, टाक्याला टाका लावून बंद केलं होतं. धुवून धुवून उसवणार नाही असं. बोय काठीसारखी ताठ झाली होती.

तिनं लहान कात्रीनं पोटाची शिलाई उसवली. दोनच सैल टाके ठेवले. मग बोय गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी वाकवली. आत बारीक कडकड झाली. कणा मोडला. दुसऱ्या बोयीचंही तसंच केलं. त्या पाण्यात सोडल्या तेव्हा आम्ही दोघी काठाला धरून उभ्या होतो.

शेपटी हलली. डावीकडे, उजवीकडे. बोय पोहत होती.

विजयकुमार वळून बघत होते.

थोड्या वेळानं उजवीकडचा एक रॉड एकदम वाकला. रील किंचाळलं. मी धावले आणि तेवढ्यात दोरी ढिली पडली. ओढून घेतली तर टोकाला फक्त बोयीचं डोकं. मागचं शरीर सुरीनं कापल्यासारखं गेलेलं. शिवलेले ओठ तसेच मिटलेले.

"जेवून गेली," विजयकुमार म्हणाले. "पाहुणचार चांगला करता तुम्ही."

पण ते हसले नाहीत. पश्चिमेकडचं आकाश पिवळं झालं होतं. शमाल, वायव्येकडून येणारा धुळीचा वारा, सुटत होता. किनाऱ्यावरच्या उंच इमारती धुळीत दिसेनाशा झाल्या. रेडिओवर लहान बोटींना परत फिरायला सांगत होते. विजयकुमारांनी एकदा रेडिओकडे, एकदा आमच्याकडे बघितलं. म्हणाले, एक फेरी. नंतर यल्ला, घरी.

एक फेरी. खतीजाआपा पेटीपाशी खाली बसली. तिला काय झालं ते कळलं होतं. सुरमई मागून येऊन शेपटीकडूनच तोडते, आणि गळ पुढे, डोक्यापाशी. शेपटीजवळ दुसरा गळ हवा होता. तिनं एक मोठा गळ घेतला, तारेनं पहिल्याला जोडला आणि बोयीच्या मागच्या भागात घालायला लागली. बोट वर गेली. खाली आदळली.

मी तिच्या हाताकडेच बघत होते. गळ डाव्या अंगठ्याच्या बुडाशी शिरला. टोकाच्या उलट्या काट्यासकट आत.

ती ओरडली नाही. मी तोंड उघडलं तेवढ्यात तिनं माझ्या पायावर पाय ठेवला. जोरात.

"बोललीस तर तो बोट वळवेल," ती हळू म्हणाली. "तार काप."

मी पक्कड घेतली. तार कापली. गळ तिच्या हातातच राहिला, मागचा दांडा बाहेर. तिनं ओढणीचं टोक हाताभोवती गुंडाळलं, दातांनी गाठ मारली. मग नवा गळ उचलला.

"आता तू माझा डावा हात."

मी बोय धरली. तिनं उजव्या हातानं गळ घातला, सुई चालवली. ओढणीवर एक डाग उमटून मोठा होत होता. मी तिकडे बघत होते.

"माझ्याकडे नको, बोयीकडे बघ."

बोय पाण्यात गेली. लाटा आता बोटीच्या काठाशी येत होत्या. विजयकुमारांनी मागे न बघता विचारलं, झालं का. मग वळले. त्यांची नजर तिच्या गुंडाळलेल्या हातावर गेली.

"हाताला काय?"

"थंडी," खतीजाआपा म्हणाली.

ते क्षणभर बघत राहिले. एक लाट आली आणि त्यांना पुढे बघावं लागलं.

आम्ही वाट बघत होतो. काहीच होत नव्हतं. प्लॅस्टिकचे मासेही नुसतेच पोहत होते. विजयकुमार सावकाश वळण घेऊन बोट किनाऱ्याच्या दिशेला आणत होते. वळण पूर्ण झालं की फेरी संपली. खतीजाआपाचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटत होतं, मी आत्ता ओरडावं. मी ओरडले नाही. का नाही, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

रॉड वाकला. या वेळी दोरी ढिली पडली नाही.

बोट थांबली नाही. त्या लाटांत थांबवली असती तर आडवी झाली असती. मी रॉड पोटाशी धरला. खतीजाआपा मागून सांगत होती. ओढ. आता सोड. जाऊ दे तिला. आता गुंडाळ. माझे खांदे निखळतायत असं वाटत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पाण्याखाली एक लांब रुपेरी पट्टा दिसला.

"आपा, आकडा!" विजयकुमार ओरडले. त्यांना सुकाणू सोडता येत नव्हतं.

तिनं लांब दांड्याचा आकडा उजव्या हातानं घेतला. सुरमई बोटीला लागली तसा तो तिच्या अंगात रुतवला. एका हातानं ती उचलेना. मासा फडफडला, दांडा निसटायला लागला. मी रॉड सोडू शकत नव्हते.

खतीजाआपानं डावा हात पुढे केला आणि दोन्ही हातांनी दांडा धरला.

तिच्या तोंडून एक आवाज आला. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सुरमई बोटीत येऊन आदळली. माझ्या पायापासून कंबरेपर्यंत येईल एवढी. बोयीच्या शेपटीकडचा गळ तिच्या जबड्यात होता. पुढचा गळ मोकळाच.

विजयकुमार हसत खाली बघत होते. मग त्यांना ओढणी दिसली. आधी त्यांना ते माशाचं रक्त वाटलं असावं. मग हातातून बाहेर आलेला गळाचा दांडा दिसला.

"हे कधी झालं?"

मी सांगितलं.

त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "खलास. समुद्रावर असं लपवणारा माणूस मला नको. तुम्ही बेशुद्ध पडला असता. पाण्यात गेला असता. मी काय उत्तर दिलं असतं?"

खतीजाआपा पेटीला टेकून बसली होती. घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता.

"चूक झाली," ती म्हणाली. "पण विजयभाई, तेवढं सांगा. मासा कशाला लागला?"

ते सुकाणूकडे वळले. बोट किनाऱ्याकडे आदळत चालली होती. जेट्टी येईपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

क्लिनिकमध्ये त्यांनीच नेलं. डॉक्टरांनी गळाचं टोक दुसरीकडून बाहेर काढलं, काटा तोडला आणि उरलेला मागे ओढला. मी भिंतीकडे बघत होते. खतीजाआपा बघत होती. शिवायला घेतल्यावर तर वाकून बघत होती. डॉक्टरांना म्हणाली, टाके सैल ठेवा, वाकायला पाहिजे.

आम्ही बाहेर आलो तेव्हा विजयकुमार खुर्चीत बसून होते. त्यांच्या शर्टाला मीठ वाळलं होतं.

"बोटीवर परत पाय ठेवायचा नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. हे कबूल असेल तरच."

"मला तरी कुठं यायचं होतं?"

त्यांनी फोन लावला. कंपनीचे कागद बघणारा पीआरओ पलीकडे होता. त्याला सांगितलं, एक व्हिसा करायचाय, आजच सुरुवात कर. मग ऐकत राहिले. फोनवर हात ठेवून खतीजाआपाला म्हणाले, "डेझिग्नेशन काय लिहायचं विचारतोय. माशांची तोंडं शिवणारी असं काही त्याच्या सिस्टममध्ये नाही."

"टेलर लिहा."

"बोटीच्या कंपनीत टेलर?"

"तुमच्या सीटची कव्हरं फाटलीत. मी सकाळीच बघितली."

त्यांनी फोनवरचा हात काढला. मग फोनमध्ये म्हणाले, "टेलर."

खतीजाआपा खुर्चीत बसली. एकदम म्हातारी दिसायला लागली. मला म्हणाली, मुनिबाला फोन लाव, माझ्यानं बटणं दाबवत नाहीत. हाताचं बोलू नको.

मुनिबानं उचलला. मी सांगितलं की झालं, मम्मीचं काम झालं. ती म्हणाली, "कॅन आय टॉक टू हर?"

खतीजाआपानं फोन कानाला लावला. तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"काय करतेस? केमिस्ट्रीला बसली का नाय अजून?"