आत्याने दार एका दमात बंद केलं

आमच्या आत्याला सगळे ‘तोफ’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण प्रत्येकाला आपापले कान प्रिय आहेत. ती धरणावर दारं चालवते. केबिनमध्ये एक पंखा, तारेने बांधलेली खुर्ची, फोन आणि खिडकीशी लोखंडी चाक. ते चाक फिरवलं की धरणाच्या तळाचं दार वरखाली होतं. यंदा पावसाने दडी मारली, धरण निम्म्याच्याही खाली गेलं, तरी ते दार वीतभर उघडं होतं. खाली नदीत बारीकशी धार चालू राहावी, पुढच्या पावसापर्यंत मासे जगावेत, असा वरचा हुकूम होता. हुकूम साहेबांचा, शिव्या मात्र आत्याला.

त्यातल्या काही आतोबांच्याही वाट्याला येत. ते शिंपी. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की म्हणे, “मास्तर, आमचं राहू द्या, आधी माशांचे कपडे शिवा. घरचे पाहुणे ते तुमच्या!” आतोबा तोंडात टाचण्या धरून हसत. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यांना लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

दार बंद करायची रीत आत्याने मला कितीदा तरी ऐकवलीय. अर्धा फेरा फिरवायचा आणि थांबायचं. पुन्हा अर्धा, पुन्हा थांबायचं. पाणी हळू ओसरलं तर कडेच्या उथळातले मासे खोल धारेकडे सरकतात. एकदम ओसरलं तर दगडांमध्ये अडकून पडतात. चहा निवायचीही वाट न पाहणारी ही बाई त्या चाकापाशी मात्र अर्धा दिवस काढायची.

त्या सकाळी मी तिचा डबा घेऊन गेलो, तर गाड्या धुण्याचं दुकान चालवणारा वॉशिंगवाला पाच-पंचवीस माणसं घेऊन केबिनमध्ये घुसला होता. लोकांच्या नळाला दिवसाआड पाणी आणि याच्या दुकानात गाड्या फवाऱ्याखाली आंघोळ करत होत्या. आणि पाण्यासाठी लढणारा पुढारी कोण, तर हाच!

“बंद करा ते दार! माणसं तहानलीत आणि तुम्ही मासे पोसताय?”

“तुझ्या फवाऱ्याला कुलूप लाव, मग बोल,” आत्या म्हणाली.

“मासे काय मत देतात?”

“तू देतोस ना दरवेळी? काय उजेड पडला?”

त्याचीच माणसं हसली. तिथे तो चिडला. “स्वतःला मूलबाळ नाही, म्हणून हा माशांचा पुळका!”

हसू थांबलं. आत्या उठली. मला वाटलं, आता याला खिडकीतून खाली टाकते. पण तिने चाक धरलं आणि एकदाही न थांबता शेवटपर्यंत फिरवलं.

“घ्या! प्या! गाड्या बुडवा त्यात!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की माझं डोकं अजून तापतं. ते विजयी वीर निघून गेले. आत्या धापा टाकत बसली, तिने पाण्याचा पेला उचलला आणि खिडकीतून तिला बगळे दिसले. बगळे, कावळे, घारी, सगळे नदीच्या पात्रावर उतरत होते.

“मेले रे,” ती म्हणाली. “मी मारले.”

तिने साहेबांना फोन लावला. साहेब खूशच झाले. “बंद झालंय ना? मग राहू द्या. लोक शांत झालेत. चार दिवस बघू.”

“तसं लेखी द्या.”

“लेखी कशाला, बाई? तुम्हीच तर बंद केलंत.”

“मी रागाच्या भरात केलं. रागाला सही लागत नाही. तुम्ही थंड डोक्याने करताय, तुम्हाला लागेल.”

पलीकडे साहेबांना खोकला आला आणि फोन बंद झाला.

आत्याने चाकाला हात घातला आणि मागे घेतला. पात्रात माणसं उतरली होती. माणूस आत असताना दार उघडायचं नाही. आधी भोंगा, मग पात्र रिकामं, मगच चाक. तिने भोंगा वाजवला. एकानेही मान वर केली नाही. मघाचेच टाळीवाले पँटी गुडघ्यावर घेऊन पोती भरत होते.

ती तशीच खाली धावली. मागोमाग मी दोन बादल्या घेऊन. घोट्याएवढ्या पाण्यात मासे कुशीवर पडून तोंडं उघडत-मिटत होते. वॉशिंगवाला सगळ्यांच्या पुढे. आत्याने त्याचं पोतं हिसकावलं आणि दगडांपलीकडच्या खोल डोहात रिकामं केलं.

“अहो, मेलेलेच होते ते!”

“मग तो पोहतोय तो कोण, तुझा काका? चल, नीघ! तू हलल्याशिवाय मला दार उघडता येत नाही!”

तो निघाला. पण बाकीच्या प्रत्येकाला आणखी एकच मासा हवा होता. एकाला काठावर घालवावं, तर दुसरा मागून उतरे. आत्या ओरडून ओरडून घोगरी झाली. मी बादल्या भरभरून डोहात ओतत राहिलो, पण दगड पुष्कळ आणि बादल्या दोन. पात्र रिकामं व्हायला दुपार उजाडली. मग तिने चाक फिरवलं. धार दगडांपर्यंत पोचली तेव्हा त्यातले काही मासे वळून पोहू लागले, काही नुसते वाहत गेले.

घरी आल्यावर आतोबांनी टाचण्या काढून हळूच विचारलं, “वाचले का?”

“अर्धे.”

“अगं, मग बरंच झालं की.”

“बरं काय झालं? अर्धे मेले ना!” आत्या कडाडली आणि ताट तसंच सरकवून पुन्हा धरणाकडे निघाली. दाराजवळ कोणी फिरकलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.