बाभळीच्या वरचं पाणी

पाटलानं बापाच्या हातात ओली काठी दिली. म्हणाला, "तुना पोऱ्या शे. तूच मार."

बापानं मारलं. भर नदीत, गुडघाभर पाण्यात उभं करून. वरच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. माझा गुन्हा एवढाच, की पोहता पोहता मी बाभळीच्या वर गेलो होतो.

भडगावकडून वाहत येणारी गिरणा आमच्या गावाला वळसा घालते. काठावर एक वाकडी बाभूळ. तिच्या वरचं पाणी गावाचं, खालचं आमचं. आजोबा बौद्ध झाले तेव्हा त्यांनी घरातले देव नदीत सोडले. तेही बाभळीच्या खालीच. वर गाव अंघोळ करणार, बैल धुणार, आणि ते सगळं वाहत आमच्याकडे येणार. म्हणून आमच्या वस्तीतली पोरं एकाच तऱ्हेनं पोहायची. तोंड मिटून, मान वर. पाणी तोंडात गेलेलं दिसलं की आई कानशिलात द्यायची.

संध्याकाळी बापानं माझ्या पाठीला तेल लावलं. मला राग आला होता तो बापाचा, पाटलाचा नाही. पाटलांची खरी करामत ती.

दहावीनंतर जळगावला आलो, दालमिलमध्ये लागलो. नव्वदच्या पुढची गोष्ट. पाटलाचा मुलगा दिलीप तेव्हा जळगावच्याच एका कॉलेजात खेळ शिकवायचा. त्यानं एक नवीन टूम काढली होती. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकल हाणायची, सायकल टाकून लगेच धावायचं. ट्रायथलॉन म्हणायचे त्याला. मला रस्त्यात ओळखून म्हणाला, मेहरूण तलावावर येत जा सकाळी. मी हुरळून गेलो. खोटं कशाला बोलू? पाटलाचं पोरगं आपल्याला ये म्हणतंय, याचंच कौतुक.

सायकलचं मला भय नव्हतं. पण सायकलवरून उतरून पळायला लागलो, तर पाय माझे राहिलेच नाहीत. चार पावलांत गुडघ्यावर आलो. सगळे हसले, मीही हसलो. नवख्याचं तसंच होतं म्हणे. काही दिवसांत पाय वळणावर आले. पोहणं मात्र येईना. दिलीपभाऊ काठावरून ओरडायचे, तोंड पाण्यात घाल, मान वर ठेवलीस तर ढुंगण बुडणारच. त्यांचं बरोबर होतं. पण तोंड पाण्याजवळ गेलं की जबडा आपोआप मिटायचा.

एके सकाळी बरोबरच्या एका मुलानं विचारलं, "तू नेहमी त्या सांडव्याकडूनच का उतरतोस रे?"

त्यानं सहज विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गारच पडलो. तळं होतं ते. साचलेलं पाणी. त्याला वरचं अंग नाही, खालचं नाही. तरी मी रोज बाकीचे उतरेपर्यंत थांबत होतो. मग पाणी जिकडून बाहेर पडतं ती बाजू धरून उतरत होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. पाटील इथं नव्हता. पाटील माझ्या अंगात होता.

त्या दिवशी मिलमध्ये मी पोती उचलून आपटत होतो. संतापानं.

हिवाळ्यात दिलीपभाऊंनी स्पर्धा ठरवली. कुठं, तर आमच्याच गावी. धरणाचं पाणी सुटलं की तिथला डोह भरतो, आणि जेवण पाटलांचं. वरच्या घाटावरून उतरायचं, धारेबरोबर पोहत बाभळीखाली आमच्या काठाला निघायचं. तिथं सायकली ठेवलेल्या. भडगावला जाऊन परत यायचं, मग शेतातल्या वाटेनं धावायचं.

आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. गावात जुनी माणसं आहेत, म्हणाले. तू आपला बाभळीपासून उतर. मी खाली अंतर वाढवून देतो, तेवढंच भरेल. तुझं काही नुकसान नाही.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शहरात ते कधी गावची बोली बोलायचे नाहीत. तेव्हा बोलले.

"तुना बाप अजून गावमाच राहस ना?"

घरी गेलो. बाप पाटलांकडे सालदार. सालभराच्या बोलीवर राबणारा माणूस. त्याला आधीच खळ्यावर बोलावून समज दिलेली. खालून उतर, म्हणाला. पाणी ते पाणीच. त्यात वर काय अन् खाली काय?

मी विचारलं, "मंग माले काबरं मारेल व्हतं?"

बाप चुलीकडे बघत बसला. आईनं भाकरी परतली नाही, ती तव्यावर करपली. कोणी जेवलं नाही.

सकाळी नदीवर धुकं होतं. आमच्या वस्तीतलं एकही दार उघडं नव्हतं. आमच्या काठावर चौघं जण बसले होते. छातीवर स्वयंसेवकाचे बिल्ले, हातात काठ्या. पोहण्याच्या स्पर्धेत काठ्या कशाला, हे जिल्ह्याहून आलेल्या एकाही साहेबानं विचारलं नाही.

मी बाभळीपाशी आलो. थांबलो. मग चालत वर गेलो.

वरच्या घाटाच्या पायऱ्या मी पहिल्यांदा उतरलो. आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उभा राहिलो. दिलीपनं मला पाहिलं. शिट्टी त्याच्या ओठांत होती, वाजेना. साहेबांदेखत तो काय बोलणार? बोलला असता तर कारण सांगावं लागलं असतं. शेवटी वाजवली.

मी तोंड पाण्यात घातलं. जबडा मिटला नाही. पाणी तोंडात गेलं. गोड होतं. इतकी वर्षं हे गोड पाणी आमच्या डोळ्यांसमोरून वाहत होतं. मी पोहताना रडत होतो. पाण्यात ते कोणाला दिसतं?

बाभूळ मागं पडली. काठाला हात लागला. मान वर केली तर समोर बाप उभा. हातात काठी. शेजारी पाटील, आता म्हातारा. आवाज अगदी खालचा, साहेबांना ऐकू जाऊ नये इतका.

"मार त्याले."

बापानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं काठी नदीत टाकली. ती वाहत गेली. मग तो मला म्हणाला, "सायकल तठे शे. जाय."

मी गेलो. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढं गेलो नसतो. बापाला त्या चौघांत सोडून मी भडगावच्या रस्त्याला पायडल मारत होतो, आणि प्रत्येक पायडलला वाटत होतं, आता पडली त्याच्या पाठीवर काठी.

परत आलो तेव्हा बाप सायकलींपाशीच उभा होता. सदरा फाटलेला. मी धावलो, पुरा केला खेळ. निकाल वाचताना माझं नाव वाचलं नाही. दिवस मावळताना आमच्या घरामागं सरपणाला रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्या. आग कोणी लावली, ते कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बापाचं साल मोडलं.

मी म्हटलं, जळगावला चला. बाप म्हणाला, मी जर गेलो तर ती काठी नदीत टाकून काय उपयोग?

पुढच्या वर्षी स्पर्धा दुसरीकडे नेली. नदी त्यांना नेता आली नाही.

गिरणेला पाणी सुटलं की मी गावी जातो. वस्तीतली पोरं बरोबर घेतो, पोरीसुद्धा. काठावर कोणी ना कोणी बसलेलं असतं. आजही असतं. त्यांच्यासमोरून आम्ही वरच्या घाटावर जातो. पोरांना मी पोहण्यातली पहिली गोष्ट शिकवतो ती हीच. तोंड पाण्यात घाला. काठ्या पुन्हा निघतील, हे मला ठाऊक आहे. निघू देत. आम्ही वरूनच उतरणार.