डालग्याखालची कोंबडी

अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या बॅकयार्डमधली लाल कोंबडी मान टाकून बसली, तेव्हा लेकीनं गूगल करून तिला गराजमध्ये एकटीला ठेवलं आणि बाजारच्या खाद्याची पिशवी आणली. कोंबडीनं त्या दाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी चिडलेच. रोज खुराडं झाडून शाळेत गेलेल्या बाईला आता गूगल कोंबड्या शिकवणार!

गावी आई आजारी कोंबडी अंगणाच्या मधोमध डालग्याखाली झाकायची. एकटी कोंबडी खात नाही, बाकीच्या खाताना दिसल्या की तिलाही भूक लागते. इथे बांबूचं डालगं कुठलं? मी तिला पुन्हा बॅकयार्डमध्ये आणलं आणि धुण्याच्या कपड्यांची जाळीदार बास्केट तिच्यावर पालथी घातली. आत ताकात भिजवलेली ज्वारी आणि ठेचलेला लसूण ठेवला, बाहेर बाकीच्यांना ज्वारी टाकली. बाहेर टकटक सुरू झाली आणि जरा वेळानं आतूनही आली.

आठवड्याभरात कोंबडी हिंडायला लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठल्या डॉक्टरकडे नेली?"

गावी लहानपणी, अंगाला खुराड्याचा वास येतो म्हणून शाळेत माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही. आज माझी लेक मात्र मान ताठ करून म्हणाली, "डॉक्टर कशाला, काकू? माय मॉम ग्रू अप विथ चिकन्स!"