होडीत राहिलेला बाप

बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी स्मिता. नोकरीसाठी नगरहून इंदूरला आलो, इथेच रमलो. स्मिता नर्स झाली, मी जावई शोधू लागलो, आणि एके दिवशी ती म्हणाली, "पप्पा, मला सिस्टर व्हायचंय, मठातली. आप टेन्शन मत घ्या, बस एकदा डोक्यावर हात ठेवा." आमच्या चर्चमध्ये रीतच आहे, मठात जाणाऱ्या मुलीला बापाने वेदीसमोर डोक्यावर हात ठेवून निरोप द्यायचा. मी साफ नाही म्हटलं. येशूची हाक ऐकून दोन भाऊ बापाला होडीतच सोडून निघून गेले, ही गोष्ट मीच तिला लहानपणी कौतुकाने सांगितली होती. तेव्हा त्या बापाचा विचार कधी मनात आला नव्हता. आता देवाचाच राग येत होता.

तिला न सांगता मी इंदूरजवळच्या हातोदला तिच्यासाठी एक मुलगा पाहायला निघालो. म्हातारपणी असा चोरटेपणा शोभत नाही, पण केला. भर उन्हात तिथल्या मंडीजवळ स्कूटर थांबवली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. लसणाची पोती घेऊन आलेल्या एका तरुण बाईने मला सावलीत बसवलं, ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली, रिक्षाने दवाखान्यात नेलं. सलाईन संपेपर्यंत ती शेजारच्या बाकावर बसून होती. तोवर मंडीतला लिलाव आटोपला होता.

"आपका लहसुन?" मी विचारलं.

"कल बिक जाएगा, बाबूजी. घर पे पिताजी राह देख रहे होंगे, पर आपको ऐसे छोड़ के कैसे जाती?"

मला रडू आलं. कुणाची तरी मुलगी बापाला वाट पाहायला लावून माझ्याजवळ थांबली होती. मुलाकडे न जाता मी तसाच परतलो आणि स्मिताला सगळं सांगून टाकलं.

निरोपाच्या दिवशी हात ठेवला, पण उचलवेना. शेवटी तिनेच तो धरून गालाला लावला आणि ती गेली. घर फार रिकामं झालं, खोटं कशाला सांगू. पण देवावरचा राग गेला, त्याचे आभार मानतो. रोज संध्याकाळी प्रार्थनेत मठाच्या दवाखान्यातल्या स्मिताच्या आजाऱ्यांसाठी मागतो आणि मग हातोदच्या त्या अनोळखी बापासाठी, त्याची मुलगी दिवेलागणीला घरी पोहोचू दे म्हणून.