सहा जणांचं जेवण

आर्डिस टॉलेफसनच्या भांड्याला आमच्या मिनेसोटातल्या गावात मान होता. कोणाकडचं माणूस गेलं, की दुसऱ्या दुपारपर्यंत तिचं काचेचं भांडं त्या घरी पोचलेलं असे. तळाला कोंबडी नि वाटाणे, मध्ये मशरूमचं दाट सूप, वर बटाट्याच्या खरपूस गोळ्या. बुडाला तिच्या नावाची चिकटपट्टी. भांडं धुऊन परत करायचं, हा रिवाज. घरचं माणूस ते घेऊन येई, नाहीतर आर्डिस आणायला जाई. मग कॉफी होई, गेलेल्याबद्दल चार शब्द निघत, आणि त्या घराचं दार बंद होता होता राही. हे सारं आर्डिसला ठाऊक होतं. म्हणून तर पुढे तिच्या हातून जे झालं, त्याची लाज मोठी.

ऑक्टोबरात तिची थोरली बहीण युनिस गेली. मागे राहिला युनिसचा नवरा ऑरिन, सत्त्याहत्तर वर्षांचा, गावापासून चार मैलांवर, एकटा. इकडे आर्डिसकडे मका काढणीला आलेला. तिच्या नवऱ्याला ट्रक हाकायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. नेमकं त्याच वर्षी तिच्या मैत्रिणीने, ट्रूडीने, जुन्या हार्डवेअरच्या दुकानात एक नव्या तऱ्हेचं स्वयंपाकघर थाटलं होतं. पत्र्याचे चकचकीत ओटे, चिरलेल्या भाज्यांची घमेली, प्रत्येक ओट्यावर कृतीचा कागद टांगलेला. बाईने यायचं, मापाने सगळं पातळ पत्र्याच्या थाळ्यांत भरायचं, झाकायचं आणि घरी नेऊन फ्रीझरमध्ये रचायचं. लागेल तेव्हा भट्टीत सरकवायचं.

"सपाट चमचा, आर्डिस!" ट्रूडी ओरडली. "इथे हाताचा अंदाज चालायचा नाही."

"तीस वर्षं गाव माझ्या अंदाजानेच जेवलंय."

"म्हणून तर निम्मं गाव जाड झालंय! कांदा मी चिरलाय, भांडी मी घासणार. तू माप टाक नि पुढे सरक. आणि या थाळ्या परत मागायची कटकट नाही बघ."

आर्डिस हसली. ते शेवटचं तिला मनापासून आवडलं होतं, आणि पुढे तेच तिला सगळ्यांत जास्त बोचलं. एका दुपारीत बारा थाळ्या झाल्या. तिने प्रत्येकीवर चिठ्ठी लावली: तारीख, पावणेचारशे अंश फॅरनहाइट, सहा जणांसाठी.

ऑरिनच्या तळघरात तिने त्या विटांसारख्या रचल्या. तो फ्रीझरचं झाकण धरून उभा होता.

"थाळ्या परत कधी आणून देऊ?"

"परत नको रे. टाकून द्यायच्या."

"टाकून?" त्याने एक थाळी उलटीपालटी करून पाहिली. "बरं."

पाव तासात ती पुन्हा ट्रकवर होती. त्या रविवारी चर्चमध्ये व्हर्ना क्विस्ट वही घेऊन आली. कोणाच्या घरी कोणी कधी जेवण न्यायचं, ते व्हर्ना ठरवी. आर्डिस मोठ्या आवाजात म्हणाली, "ऑरिनचं नाव काढ. त्याचं नाताळपर्यंतचं सगळं मी एकटीने उरकलंय." बायका वाहवा करत होत्या. तिने ती ऐकून घेतली, पोटभर.

हिवाळा आला तसा बसला. आर्डिस दोनदा फोनवर बोलली. ऑरिन दोन्ही वेळा म्हणाला, "ठीक चाललंय."

मार्चमध्ये ईस्टरच्या न्याहारीसाठी चर्चला मोठी किटली हवी होती. ती युनिसच्या तळघरात होती, म्हणून आर्डिस गेली. ऑरिनची विजार कमरेशी दोरीने बांधलेली. त्याने तिला फ्रीझरमधलं हरणाचं मांस घेऊन जायला सांगितलं. तिने फ्रीझर उघडला.

बाराच्या बारा थाळ्या. तिने रचल्या तशाच. एकीवर पेन्सिलची फुली.

"ऑरिन, तू हे खाल्लंच नाहीस?"

"सहा जणांचं आहे म्हणून लिहिलंयस ना. एकट्यासाठी कशाला उघडायचं? म्हटलं, कोणी आलं की काढू."

"मग खाल्लंस काय?"

"अंडी. टोस्ट. टोस्ट मला आता चांगला जमतो."

"आणि ही फुली?"

"ती नाताळच्या आदल्या दिवशी बाहेर काढली होती. वाटलं, येईल कोणीतरी. पार वितळली. मग परत ठेवली. ती खाऊ नकोस हं, पोट बिघडेल."

मका, ट्रक, बर्फ, सगळी कारणं आर्डिसच्या जिभेवर आली आणि तिथेच विरघळली.

"लोक येणार होते," ती म्हणाली. "मी अडवलं त्यांना. चर्चमध्ये सांगितलं, तुझं सगळं झालंय, कोणी यायची गरज नाही. मिरवलं मी, ऑरिन."

त्याने फ्रीझरच्या कडेवरचं बर्फ नखाने खरवडलं.

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, लोकांना युनिस आवडायची. मी नुसता तिच्याबरोबर असायचो."

या वाक्याने आर्डिसचा चेहरा कानापर्यंत पेटला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिने फुलीची थाळी कचऱ्यात टाकली, दुसरी घेऊन वर गेली आणि भट्टी पावणेचारशेवर लावली. गोठलेलं जेवण, दीड तास लागणार होता. तिने मनाशी मोजलं: सहा ताटं, दोन माणसं. मग ती भिंतीवरच्या फोनपाशी गेली. सगळ्या गावात ज्या बाईसमोर तिला मान खाली घालायची नव्हती, तिचाच नंबर तिने फिरवला.

"व्हर्ना, मी ऑरिनकडून बोलतेय. तुझ्या वहीतून त्याचं नाव मी काढायला लावलं ना, ते चुकीचं होतं. हा माणूस पाच महिने कोणाची तरी वाट बघत अंड्यांवर राहिला. माझ्यामुळे. हो, माझ्यामुळे. बायकांनाही असंच सांग, सावरून सांगू नकोस. आणि तू आज जेवायला येशील का? अजून तिघी मिळाल्या तर त्यांनाही आण."

आर्डिसने फोन कानाला घट्ट दाबून धरला. व्हर्ना जे काही बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

मागून, ताटं पुसता पुसता, ऑरिन म्हणाला, "तिला सांग, फाटकाशी चिखल झालाय. गाडी रस्त्यावरच ठेव म्हणावं."