दुपारपर्यंतचे डोळे

कुंभकोणच्या सब-कोर्टात मी मोडी वाचण्याच्या कामावर होतो. तंजावरच्या आमच्या मराठी राजांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं त्याला दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या होत्या, पण राजांनी दिलेल्या सनदा आणि पाण्याचे हुकूम गावोगावच्या पेट्यांत तसेच पडून होते. जमिनीचा किंवा पाटाच्या पाण्याचा दावा उभा राहिला की ते कागद कोर्टात येत. तमिळ वकिलांना त्यातलं अक्षर लागत नसे. मी कागद मोठ्यानं वाचायचा, अर्थ तमिळमध्ये सांगायचा आणि मग इंग्रजी भाषांतर लिहून द्यायचं, असं माझं काम. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये. मराठी उरली होती ती घरात, देवापुढे आणि या कागदांत. म्हणून हे काम मला फार आवडायचं.

बत्तिसाव्या वर्षी माझी उजवी पापणी पडायला लागली. सकाळी डोळा टक्क उघडा असायचा. दुपारी पापणी जड व्हायची आणि संध्याकाळी अर्धा डोळा झाकून जायचा. मग डावीही तशीच झाली. जेवताना निम्म्या पानावर जबडा थकायचा. घास तोंडात तसाच राहायचा आणि मला हातानं हनुवटी धरून चावावं लागायचं. चार वाजता बोलायला लागलो तर आवाज नाकातून येई, शब्द एकमेकांत विरघळल्यासारखे होत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकाची दोन दिसायला लागली. ताकाचं भांडं एक असे, मला दोन दिसत.

लोकांनी आपापल्या परीनं कारण शोधलं. कोणी म्हणालं, अफू खातो. कोणी म्हणालं, रात्री जागत असेल. वैद्यांचे काढे झाले, तेलं झाली. शेवटी बायकोच मला सरकारी इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "मोठ्यानं अंक मोजा."

पस्तीसपर्यंत नीट मोजले. चाळीसच्या पुढे आवाज नाकात गेला, पन्नासच्या आत बंद पडला.

"आता अर्धा तास डोळे मिटून पडा. बोलू नका."

अर्ध्या तासानं पुन्हा मोजायला लावलं. आवाज परत आलेला होता.

"तुम्ही आळशी नाही आणि व्यसनीही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचे स्नायू लवकर दमतात, एवढंच. विश्रांती दिली की पुन्हा थोडे चालतात. खात्रीचं औषध अजून माझ्यापाशी नाही. पण दिवस कसा वापरायचा ते तुमच्या हातात आहे."

इस्पितळाच्या ओसरीवर बायको रडली. मला मात्र, खरं सांगतो, हलकं वाटलं. माझ्यात काहीतरी खोट आहे असं वर्षभर मलाही वाटत आलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही दिवस नव्यानं बसवला. मोठं जेवण सकाळीच, कोर्टाला जाण्याआधी. भात मऊ शिजवून रस्समात कुस्करलेला, भाजी ठेचलेली. चार घास झाले की थांबायचं, मग पुढचे चार. दाढी न्हाव्याकडून, कारण हात वर धरले की खांदे गळायचे. कोर्ट फार लांब नव्हतं, तरी जायचं जटक्यातून, म्हणजे इकडच्या घोडागाडीतून. घरातून निघेपर्यंत मी शक्यतो बोलत नसे. काही हवं असलं तर खूण करायचो. बायको म्हणे, "आमच्या घरी एक मौनी बाबा राहतात." पण कोर्टात मी कोणाला काही सांगितलं नाही. वाचणाऱ्याचे डोळे आणि आवाजच गेले तर त्याला ठेवील कोण? मी पगडी कपाळावर इतकी ताणून बांधायचो की भुवया वर ओढल्या जाऊन पापण्या थोड्या उचलल्या जात. दुपारी वाचायची वेळ आली तर विचार करतोय असं दाखवून कपाळावर हात ठेवायचा आणि एका बोटानं पापणी वर धरायची. डावा डोळा मिटला की एकच ओळ दिसे. असं वर्षभर निभावलं.

मग तो पाण्याचा दावा आला. आडुतुरैच्या वाटेवरची दोन गावं, एकच पाट. वरच्या गावाचं म्हणणं असं की जुन्या हुकमाप्रमाणे महिन्यातले अकरा दिवस पाणी आपलं. खालच्या गावाचं म्हणणं, वरच्या गावाचा एकच दिवस. हुकूम मोडीत होता. रिवाजाप्रमाणे सकाळी मी शिरस्तेदारांसमोर बसून त्याची नक्कल उतरून घेतली. पण दाव्याचा पुकारा झाला तेव्हा तीन वाजून गेले होते. मी उभा राहिलो, हुकूम हातात घेतला, वाचला आणि "दिवस ११" असं सांगितलं. वरच्या गावच्या वकिलांचा चेहरा फुलला. मला फक्त एवढंच आठवतं की कधी एकदा खाली बसतो असं झालं होतं.

संध्याकाळी घरी भाषांतर करायला बसलो. आता लिहिणं बायकोच करी; इंग्रजी लिहायला ती शाळेत शिकली होती. तिच्या माहेरी, तंजावरात, लोणच्याच्या कृतीसुद्धा मोडीत लिहून ठेवत, त्यामुळे तिची मोडी माझ्याइतकीच पक्की होती. नक्कल तिच्यापुढे होती. मी डोळे मिटून आठवणीतून सांगत होतो. "दिवस अकरा," मी म्हणालो.

तिचा टाक थांबला. "अहो, इथं एक आहे."

"अकरा. कोर्टात वाचलंय मी."

"तुमच्याच हातची नक्कल आहे ना ही? सकाळची?" तिनं कागद माझ्या तोंडासमोर धरला आणि हातानं माझा एक डोळा झाकला. एकच उभी रेघ होती, डोक्यावर वाटोळं. तिनं हात काढला. दोन झाल्या.

कोर्टात उभं राहून वाचताना मी डोळा मिटायचं विसरलो होतो. ती म्हणाली, "उद्या सांगावं लागेल."

"सांगितलं तर काम जाईल."

"जाऊ दे. खालच्या गावचं पाणी जायला नको."

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच मी उभा राहिलो. जज्ज आमच्याच भागातले, वयस्क, कमी बोलणारे. मी म्हणालो, "काल मी एक अंक चुकीचा वाचला. दिवस अकरा नाही, एक आहे."

वरच्या गावचे वकील उसळलेच. "काल खरं वाचलं की आज? काल हा माणूस झोकांड्या खात होता, सगळ्यांनी पाहिलंय. एका रात्रीत याला कोण भेटलं ते विचारा!"

जज्जांनी हुकूम मागवला, चष्मा नाकावर खाली ओढून पाहिला. मोडी त्यांना येत नव्हती, पण अंक येत होते. "एकच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "एवढा सरळ अंक तुम्हाला अकरा कसा दिसला?"

वर्षभर जे झाकलं ते मग भर कोर्टात सांगितलं. पापण्या, जबडा, आवाज, डॉक्टरांनी मोजायला लावलेले अंक. "दुपारनंतर मला एकाची दोन दिसतात," मी म्हणालो. मागच्या बाकावर कोणी हसलं. माझे कान तापले. मनात म्हटलं, आता घरी जायचं.

जज्जांनी विचारलं, "आणि दुपारच्या आधी?"

"कोर्ट उघडल्यापासून एक वाजेपर्यंत माझं वाचन चोख असतं. सकाळी केलेली नक्कल बरोबर आहे."

त्यांनी नक्कल मागून घेतली, मूळ हुकमाशी लावून पाहिली. मग शिरस्तेदारांना म्हणाले, "यापुढे मोडीचे कागद सकाळी पहिल्यांदा घ्यायचे. आणि यांनी बसून वाचायचं." आणि पुढच्या दाव्याचा पुकारा करायला सांगितला.

इतकंच! मी वर्षभर ज्या भीतीनं पगडी आवळत होतो, तिचा निकाल दोन वाक्यांत लागला. त्या वकिलांनी माझ्याशी पुढे कधी धड बोलणं ठेवलं नाही. काही लोक शेवटपर्यंत अफूच म्हणत राहिले. पण खालच्या गावाला त्याचं पाणी राहिलं.

झाकायचं काही उरलं नाही तेव्हा डोकं इतर गोष्टींत चालायला लागलं. बायकोनं एक साध्या काचांचा चष्मा आणला आणि ओळखीच्या सोनाराकडून त्याच्या आतल्या बाजूला चांदीची बारीक तार वाकवून बसवून घेतली. पापणी त्या तारेवर टेकून राही. पहिले दोन दिवस डोळ्यांतून पाणी वाहिलं, तिसऱ्या दिवशी सवय झाली. मधल्या सुटीत मी रेकॉर्डाच्या खोलीत चटईवर अर्धा तास पडायचो. माझी प्रत्येक नक्कल बायको घरी तपासायची आणि शंका असेल तिथं समासात लाल खूण करायची. तिच्या खुणा बहुतेक खऱ्या निघत. काही आठवडे वाईट गेले. एका पावसाळ्यात तर पाणीही गिळवेना, महिनाभर घरी पडून होतो. पण परत गेलो तेव्हा माझी खुर्ची जागेवर होती.

काही वर्षांनी इस्पितळातून निरोप आला. त्याच डॉक्टरांकडे एका नव्या औषधाची सुई आली होती. टोचल्यावर पाऊण तासात, तारेचा चष्मा काढलेला असताना, माझ्या पापण्या आपल्या आपण वर गेल्या. बायको समोर बसली होती. ती एकच दिसली, आणि तिच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत हे मला त्या दिवशी कळलं.

हे बरं होणं नव्हतं. गुण तीन-चार तास राही, पोटात कळा येत, आणि पुढे मिळालेल्या गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून पाळाव्या लागत. कोर्टातली माझी वेळ सकाळचीच राहिली. पण सुटीच्या एका दिवशी गोळी घेऊन आम्ही दोघं कावेरीवर गेलो. मी पायऱ्या उतरून पाण्यात बुडी मारली आणि वर यायला निघालो. बायकोनं हात पुढे केला. मी म्हटलं, "नको, येतो मी." मध्ये दोनदा थांबलो. ती वरच्या पायरीवर ओलं लुगडं पिळत उभी राहिली, आणि मी पोचलो तेव्हा म्हणाली, "चला, भूक लागलीय मला."